एक मिनिट पन्नास सेकंदांची शांतता

"विडा लावायला किती वेळ लागतो?" शर्वरी मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं, एक मिनिट पन्नास सेकंद.

"आणि तेवढा वेळ तो म्हातारा काहीच बोलत नाही?"

"नाही."

"मुलगा?"

"तोही नाही."

"मग कोण बोलतं?"

कुणीच बोलत नाही, म्हणूनच ते नाटक चाळीस वर्षांनंतरही लोकांच्या लक्षात आहे, असं मी म्हणालो. मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. चहा आला तेव्हा वही उघडीच राहिली आणि मी डोकावलो. 'सायलेन्स – प्रॉब्लेम' एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

ही दोन हजार एकची गोष्ट. ती वाहिनी आता नाही आणि तिच्या टेपाही कुठे उरलेल्या नाहीत. पण त्या वर्षी तिच्यावर दर रविवारी दुपारी चार वाजता 'नाट्यरविवार' लागायचा. आठवड्याला एक गाजलेलं नाटक, जाहिराती वगळून चव्वेचाळीस मिनिटांत. जुनं संगीत नाटक असो की कालपरवाचं दोन पात्रांचं, माप सगळ्यांना एकच. नाट्यरूपांतर माझ्याकडे होतं. म्हणजे तीन अंकी नाटक घ्यायचं आणि दोन अंक कुठे गेले हे कुणाला कळू नये अशा बेताने कापायचं.

शर्वरी बोंद्रे त्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी आयुष्यात दोन नाटकं पाहिली होती आणि त्यातल्या एकाच्या मध्यंतरात त्या घरी गेल्या होत्या. कार्यक्रमाचा प्रायोजक एक हिंगवाला होता. एका शोकांतिकेची नायिका शेवटी विष घेते, तर हिंगवाल्याने निरोप पाठवला की रविवारच्या जेवणानंतर विष नको, लोकांच्या पोटात कालवाकालव होते. आम्ही तिला इस्पितळात ठेवून शेवट केला. एका ऐतिहासिक नाटकात दरबार होता आणि पैसे चारच सरदारांचे मंजूर झाले होते. मी 'बाकीची मंडळी मोहिमेवर गेली आहेत' असं एक वाक्य राजाच्या तोंडी घातलं. पुढे एका समीक्षकाने त्या वाक्यातल्या एकाकीपणाचं कौतुक केलं.

मी या सगळ्यांना मनातल्या मनात हसायचो. मॅडमना हसायचो, हिंगवाल्याला हसायचो, आणि आमचे दिग्दर्शक विनय धारप यांना तर उघडच हसायचो. धारप मूळचे रोजच्या मालिकांचे. कुणी काही बोललं की ऐकणाऱ्या तिघांचे चेहरे एकामागून एक दाखवायचे आणि प्रत्येक चेहऱ्याला एकेक 'ढॅण' द्यायचा, ही त्यांची विद्या. मी मात्र नाटकवाला होतो. कॉलेजात दोन एकांकिका आणि त्यातल्या एकीला उत्तेजनार्थ बक्षीस, एवढ्या पुंजीवर माझी तशी ठाम समजूत होती.

आता आलं होतं 'निरोपाचा विडा'. एकोणीसशे अठ्ठावन्न सालचं नाटक. बापाशी भांडून एकुलता एक मुलगा कायमचा घर सोडून निघतो. निघताना विचारतो, "तुम्ही काही बोलणार नाही?" बाप पानाचं तबक पुढे ओढतो. पान पुसतो, देठ खुडतो, शिरा काढतो, चुना लावतो, कात, सुपारी, वेलदोडा, घडी आणि वर लवंग. विडा मुलाच्या हातावर ठेवतो. मुलगा जातो, पडदा पडतो. नाटककाराने कंसात लिहून ठेवलं होतं: 'सुपारी आधीच कातरलेली असावी. आवाज नको.'

बापाची भूमिका पहिल्या प्रयोगापासून रघुवीर ओझरकर करत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तेहतिसाव्या वर्षी त्यांनी तो म्हातारा केला आणि एकवीस वर्षं केला. आता शहात्तराव्या वर्षी ठाण्याला नौपाड्यात मुलाकडे राहत होते. मी प्रथम त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला एक फोटो दाखवला. आठशे बारा प्रयोगांतून उरलेला तेवढा एकच, तोही हललेला. बापाच्या जागी एक पांढरा ठिपका होता आणि तबकाच्या जागी दुसरा.

"नाटक संपलं की धुवून जातं, त्याचं काही वाटत नाही," आप्पा म्हणाले. "पण हा विडा कुठेतरी राहावा असं वाटतं हो. हात आता थरथरायला लागलेत. आणखी वर्षभराने नाही जमायचं."

मी म्हणालो, राहील.

"त्यात शब्द घालू नका. बाकी काय कापायचं ते कापा."

एक शब्द घालणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं. सूनबाईंनी पोहे आणले होते. ते खाताना मला आपण फार मोठं काहीतरी करतो आहोत असं वाटत होतं.

शांततेची अडचण मॅडमच्या डोक्यातली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. प्रक्षेपण केंद्राचा नियमच तसा होता. टेप चालू असताना दहा सेकंद आवाज आला नाही, तर काहीतरी बिघडलंय असं समजून ड्यूटीवरच्या माणसाने 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी लावायची आणि तिच्याबरोबर बासरी. म्हणजे आप्पांनी पानाचा देठ खुडायच्या आत बासरी सुरू झाली असती.

पुढच्या बैठकीत उपाय निघाले. धारपांनी विजांचा कडकडाट सुचवला. मी म्हणालो, नाटकात चैत्र महिना आहे. मग वळवाचा पाऊस दाखवू, ते म्हणाले. हिंगवाल्याच्या माणसाचं म्हणणं, मागे शीर्षकगीत हळू वाजू द्या. शर्वरी मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला.

"तो विडा करतोय तेव्हा त्याच्या मनातलं ऐकू येऊ दे. व्हॉइसओव्हर. संजीव, तू लिही. ऑडियन्सला कळायला पाहिजे ना, त्याला काय फील होतंय."

"ते न बोलता कळतं, मॅडम."

"तुला कळतं. माझ्या आईला नाही कळणार. ती भाजी निवडत टीव्ही बघते. तिला दिसत नाही, ऐकू येतं."

मी तुच्छतेने माझे कागद आवरू लागलो. त्या बाईने त्या दिवशी सांगितलेली गोष्ट माझ्या सगळ्या एकांकिकांपेक्षा शहाणपणाची होती, हे कळायला मला महिना लागला.

आणि मी लिहिलं. खोटं कशाला बोलू? अकरा वाक्यं लिहिली. 'बाळा, या पानाच्या शिरा काढताना माझ्या काळजाच्या शिरा तुटतायत,' अशा पद्धतीची. लिहिताना हसत होतो, पण लिहिलं झकास. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

चित्रीकरण मढच्या स्टुडिओत होतं. आप्पा सकाळी सातला धोतर नेसून तयार होऊन बसले. तिसऱ्या अंकाची पाळी साडेबाराला आली. मुलाचं काम एका मालिकेतला देखणा तरुण करत होता. त्याने "तुम्ही काही बोलणार नाही?" हे वाक्य म्हटलं आणि आप्पांनी तबक ओढलं.

मी घड्याळ लावून बसलो होतो. आप्पांचा विडा बावन्न सेकंदांत तयार झाला. त्यांनी तो हातात धरला, पाहिला आणि तबकात परत ठेवला.

"जमलं नाही," ते म्हणाले.

धारपांनी सांगितलं, उत्तम झालं, छोटं झालं ते आणखी चांगलं. आप्पांनी डोळ्यांवर आडवा हात धरून दिव्यांच्या पलीकडे पाहायचा प्रयत्न केला.

"समोर कोण आहे?"

"कॅमेरा आहे, आप्पा."

"ते दिसतंय. माणसं?"

माणसं जेवायला निघाली होती. आप्पांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, ही मंडळी पाच मिनिटं समोर बसतील का? मला संकोच वाटला, पण मी गेलो. दिवेवाले, सुतार, मेकअपचा माणूस, कपडेपटातल्या दोघी, चहावाला, असे अठराजण ताटल्या हातात घेऊन परत आले. कुणी खोक्यांवर बसलं, कुणी उलट्या बादलीवर. धारप पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते.

आप्पांनी दुसऱ्यांदा तबक ओढलं.

त्या दिवशी जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. पहिली काही सेकंदं लोक चुळबुळले. एक स्टूल करकरलं. मग आप्पांनी पान उचललं आणि थांबले. समोरून कुणीतरी श्वास आत घेतला, तेव्हा त्यांनी देठ खुडला. एका दिवेवाल्याला खोकला आला होता, त्याने खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. त्याचा घशातल्या घशात दाबलेला आवाज येत होता आणि आप्पा चुना लावता लावता त्याच्यासाठी थांबल्यासारखे थांबले. कपडेपटातली एक बाई नाक ओढत होती. लवंग टोचली गेली तेव्हा सगळ्या अठराजणांनी एकदम श्वास सोडला. विडा मुलाच्या हातावर गेला. 'कट' म्हणायचं काम धारपांचं होतं, पण ते म्हणालेच नाहीत. त्यांच्या हातात भजं होतं आणि ते तसंच राहिलं होतं.

घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतताना गाडीत मी आप्पांना सगळं सांगून टाकलं. मॅडमना त्यात शब्द हवेत, मी ते लिहिलेतही, पण ते जाऊ देणार नाही. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तुमच्या नोकरीवर येईल, नेर्लेकर."

मी म्हणालो, येऊ दे. हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुठल्यातरी नायकाच्या तोंडी घालायचं म्हणून राखून ठेवलं होतं. ते स्वतःच वापरायला मिळालं, याचा आनंद आप्पांच्या काळजीपेक्षा मोठा होता.

अकरा वाक्यं एका भारदस्त आवाजाच्या गृहस्थाने ध्वनिमुद्रित केली, मॅडमनी मंजुरी दिली आणि टेप तयार झाली. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ती प्रक्षेपण केंद्रावर पोचवायची असे. वाहिनी काटकसरी असल्यामुळे ते कामही माझ्याकडेच होतं. शनिवारी सकाळी नऊला मी साउंड रूममध्ये गेलो. तिथे पास्कल होता. वसईचा, कमी बोलणारा, दिवसभर कानांवर हेडफोन. त्याला सांगितलं, मनातले बोल काढून टाक, मागचं संगीत काढून टाक. त्याने कुणाची परवानगी वगैरे विचारली नाही. दोन बटणं दाबली, अकरा वाक्यं गेली आणि खाली त्या दिवशीचा मूळ आवाज उरला. स्टुलाची करकर, दाबलेला खोकला, नाक ओढणं, कुठेतरी ताटलीला लागलेला चमचा.

मला ते ऐकून धक्का बसला. माझ्या आठवणीत ती शांतता अगदी नितळ होती. इथे तर बाजार भरला होता. नाटककाराने स्पष्ट लिहिलंय, आवाज नको. सुपारीसुद्धा आधी कातरून ठेवायला सांगितलीय. उद्या मॅडम म्हणतील, शांतता शांतता म्हणत होतास ती हीच का?

"हे सगळं साफ कर," मी म्हणालो.

पास्कलने एक कान मोकळा केला. "राहू दे की, साहेब. माणसं बसलीत ते कळतं."

"माणसं कशाला कळायला हवीत? घरात फक्त बाप आणि मुलगा आहेत."

"मग पंख्याचा तरी ठेवू? खोलीचा म्हणून?"

"काही नको. एकही आवाज नको."

"सगळं काढलं तर काहीच नाही उरत, साहेब."

"तेच हवंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कान झाकला आणि साफ केलं. मला मनापासून समाधान वाटलं. एवढी स्वच्छ शांतता मराठी दूरदर्शनच्या इतिहासात कुणी दाखवली नसेल, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, असेल.

टेपेबरोबर मी एक कागद जोडला: 'शेवटच्या प्रसंगात एक मिनिट पन्नास सेकंद आवाज नाही. हे मुद्दाम आहे. कृपया व्यत्ययाची पाटी लावू नये.' खाली लिहिलं, शर्वरी बोंद्रे यांच्या वतीने, आणि माझी सही केली. सोमवारी माझी नोकरी गेली, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तिची वाट बघत बसायला नको. मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांच्या वतीने सही केल्याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते बरोबरच होतं.

रविवारी मी दुपारी तीनलाच नौपाड्याला पोचलो. आप्पांच्या मुलाने, सतीशने, मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. बैठकीच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. त्याच्या बायकोने, नीलिमावहिनींनी, आप्पांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता आणि ते लग्नातल्या वडीलधाऱ्यासारखे मधल्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या शेजारी. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"शब्द?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो.

नाटक बरं चाललं होतं. दोन अंक पंचवीस मिनिटांत उडाले. धारपांचे 'ढॅण' आले की आप्पा दचकत आणि शेजारचे दामले 'वा' म्हणत. मधे तीनदा हिंग आला. पाचला दहा मिनिटं कमी असताना मुलगा बॅग घेऊन दारात आला आणि म्हणाला, "तुम्ही काही बोलणार नाही?"

त्या वाक्यानंतर टीव्हीतून जे काही येत होतं ते सगळं थांबलं. पडद्यावर आप्पांनी तबक ओढलं. मी मनात सेकंद मोजत होतो. आठ, नऊ, दहा, अकरा. पाटी आली नाही. माझी चिठ्ठी चालली होती. मला जागच्या जागी उठून नाचावंसं वाटलं.

सतीश उठला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. काही फरक पडला नाही, तेव्हा पूर्ण वाढवला. दामल्यांनी पुढे होऊन टीव्हीच्या डोक्यावर एक चापट दिली. मागून कुणीतरी म्हणालं, केबलवाल्याला फोन लावा. मी हात वर करून सांगत होतो, थांबा, बसा, हे असंच आहे. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"सतीश, आवाज गेला बघ."

आप्पा बोलले होते.

"आप्पा," मी म्हणालो, "गेला नाही. हा विडा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत पुढे सरकले, चष्मा वर ढकलला आणि दुसऱ्या कुणाचे हात बघावेत तसे आपलेच हात बघू लागले.

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकू लागली. ड्यूटीवरचा माणूस आज्ञाधारक होता. त्याने पाटी लावली नाही, पण लोकांचे फोन सुरू झाले असावेत, म्हणून माझी चिठ्ठीच जशीच्या तशी खाली सोडली. 'शेवटच्या प्रसंगात एक मिनिट पन्नास सेकंद आवाज नाही. हे मुद्दाम आहे.' आप्पांच्या बोटांखालून, पानाखालून, चुन्याच्या डबीखालून ती अक्षरं महाराष्ट्रभर फिरत होती.

खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. "मुद्दाम आहे होय," दामले म्हणाले आणि मागे टेकून बसले. ऐकण्यासारखं काही नाही हे अधिकृतपणे कळल्यावर लोक आपापसांत बोलू लागले. कुणाच्या तरी मुलीला पुण्याला प्रवेश मिळाला होता. नीलिमावहिनी म्हणाल्या, तेवढ्यात मी चहाचं आधण ठेवून येते.

"माणसं कुठायत?" आप्पांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांचं वय झालंय, त्यांना गोंधळल्यासारखं होतंय. मी म्हणालो, "कुठली, आप्पा?"

"त्या दिवशी बसली होती ती. खोकला आलेला एकजण होता. मी त्याच्यासाठी थांबलोय बघा इथे." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावरच्या आप्पांचं चुन्याचं बोट पानावर अधांतरी थांबलं होतं, आणि खोकला नव्हता. का थांबलेत ते कळत नव्हतं. एक म्हातारा मधेच विसरल्यासारखा दिसत होता. "आता ती बाई नाक ओढील, मग मी घडी घालतो. हां. पण तिचा आवाज कुठाय?"

"तो मी काढून टाकला," मी म्हणालो.

"का?"

"साफ केलं. नाटकात लिहिलंय, आवाज नको."

"अहो, ते आमच्यासाठी लिहिलंय," आप्पा म्हणाले. "आम्ही आवाज करायचा नाही. कारण लोक करतात."

मॅडमपासून, धारपांपासून, विजांपासून, हिंगवाल्यापासून मी ती शांतता सांभाळत इथवर आणली होती आणि शेवटी तिच्यात जेवढं जिवंत होतं तेवढं माझ्याच हुकमाने पुसून घेतलं होतं. शनिवारी सकाळी, पूर्ण शुद्धीत, समाधानाने. धारपांना ते जमलं नसतं. त्यासाठी नाटकवालाच लागतो.

पडद्यावर लवंग टोचली गेली. अठरा माणसांनी सोडलेला श्वास तिथे नव्हता. मुलाने विडा घेतला, वाकला, गेला. कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि लगेच हिंगाची जाहिरात लागली. सतीशने आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, त्यामुळे ती अशी काही कडाडली की दामल्यांच्या हातातला लाडू खाली पडला.

"आला आवाज," सतीश आनंदाने म्हणाला.

सगळे हसले. सतीशने आवाज कमी केला. आप्पा माझ्याकडे वळले. मला वाटलं ते चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते समजावण्याच्या सुरात बोलले.

"त्या बाई शब्द घाला म्हणत होत्या ना?"

"हो."

"घालायला हवे होते हो, नेर्लेकर. कसेही असते तरी चाललं असतं. समोर कुणीतरी ऐकतंय असं तरी वाटलं असतं."

जाहिरात संपली आणि श्रेयनामावली सुरू झाली. आप्पांचं नाव आलं तेव्हा वहिनी चहाचा ट्रे घेऊन मधे उभ्या होत्या, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. त्या बाजूला झाल्या आणि पडद्यावर माझं नाव आलं, नाट्यरूपांतर, संजीव नेर्लेकर. पाहुणा म्हणून सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आप्पांनीही वाजवल्या.